परगांवीं शिकणाऱ्या मुलांचा आधार

जून-जुलै महिना आला कीं घराघरांतून मुलामुलींचें सामान बांधलें जातें. कोणी पुण्यास निघतो, कोणी मुंबईस, तर कोणी थेट कानपूर-खडगपुरास. आई लाडवांचा डबा भरते, वडील शुल्काची व खोलीची तजवीज करतात, आजी चार उपदेश करते. परंतु तिकडे गेल्यावर मन खचलें तर कोणाचें दार ठोठवावें, एवढी एक गोष्ट मात्र बहुधा कोणीच सांगत नाहीं. आमच्या मतें हीच शिदोरी सर्वांआधीं बांधावयास हवी.

पूर्वींच्या पिढ्यांत गरीब विद्यार्थी पुण्यास येई, तो वार लावून जेवी किंवा माधुकरी मागे. त्या जिण्यांत कष्ट होते, मानहानिही होती. तथापि सोमवारच्या घरची बाई सोमवारीं त्याचें तोंड पाही. तो आला नाहीं तर चौकशी होई. ही सोय जातीच्या चौकटींतली होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्यांना तीं दारें बंद होतीं त्यांच्यासाठीं राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहांस आश्रय दिला; कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. पुण्यांत १९०९ मध्यें अनाथ विद्यार्थिगृह व १९५५ मध्यें विद्यार्थी सहाय्यक समिति निघाली. या सर्वांनीं मुलाला अन्न व निवारा दिलाच. पण त्याच्याकडे रोज पाहणारें कोणीतरी माणूसही दिलें.

आजच्या मुलाला पैसा फोनवरून पोंचतो, जेवण दारीं येतें. तो चार दिवस जेवला नाहीं तरी कोणाच्या लक्षांत येईलच असें नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं स्वतःचें जीवन संपविलें. अशा घटनेमागें क्वचितच एक कारण असतें. अभ्यास, पैसा, एकटेपणा, घरचा ताण, आजार यांची गुंतागुंत असते. पण वेळेवर मिळालेली मदत पुष्कळांना तारते, हेंही तितकेंच खरें.

ही मदत कोठें मिळते? पहिलें दार महाविद्यालयांतच आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें दिला. प्रवेश घेतांना आपण वाचनालय व प्रयोगशाळा पाहतों. त्याच वेळीं ही व्यक्ति कोण, कोणत्या खोलींत व केव्हां भेटते, हेंही विचारून घ्यावें. विचारणारे पालक दिसले म्हणजे संस्थाही जागी राहते.

पैशाची विवंचना असेल तर विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे जावें. ‘कमवा व शिका’ ही भाऊरावांची परंपरा आज अनेक विद्यापीठांत योजनेच्या रूपानें चालू आहे. वरच्या वर्गांतील मुलें छळ करीत असतील तर तें निमूटपणें सोसूं नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं रॅगिंगला मनाई आहे व तक्रारीसाठीं १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे.

आणि रात्रीं दोन वाजतां कोणीच जवळ नसेल तर? केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें.

येथें पुष्कळ घरांत एक शंका डोकें वर काढते : “ही गोष्ट बाहेर फुटली तर लोक काय म्हणतील? पुढें स्थळ पाहतांना अडचण येईल.” मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानें उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, अपवाद मोजके, मुख्यतः कोणाच्या जिवास धोका असेल तेव्हांचे. शिवाय ताप आला असतां वैद्याकडे जाण्यांत लाज नसेल, तर झोंप उडाल्यावर जाण्यांत ती कां असावी?

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, म्हणून एक दाखला देतों. गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच ‘अर्जुनविषादयोग’ आहे. एवढा धनुर्धर, पण हात कांपतो आहे, तोंडास कोरड पडली आहे, हें त्यानें सारथ्याला उघड सांगितलें. श्रीकृष्णानें कान उघाडणी केली, ती दोन श्लोकांत आटोपली. शंकांचें निरसन मात्र अठराव्या अध्यायापर्यंत चाललें. आपल्याकडे हें प्रमाण बहुधा उलटें असतें. मूल एक वाक्य बोलतें, आणि आपण अठरा अध्याय कान उघाडणी करतों.

म्हणून घरच्यांनीं कांहीं खुणा ओळखाव्या. झोंप व भूक बिघडणें, मित्रांस टाळणें, वर्गास न जाणें, ‘माझ्यानें कांहींच होणार नाहीं’ असें वारंवार म्हणणें, हें दोन आठवडे टिकलें तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मरणाची भाषा कानीं आली तर ती थट्टा समजूं नये. ‘जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो का?’ असें शांतपणें, सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जात नाहीं. अशा वेळीं मुलाला एकटें ठेवूं नये, त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. तें दूर असेल तर वसतिगृहाच्या अधीक्षकांस तत्काळ कळवून आपण पहिल्या गाडीनें निघावें.

यंदा सामान बांधतांना एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्या : समुपदेशकाची खोली, अधीक्षकांचा फोन, त्या गांवांतील एकाद्या विश्वासू आप्ताचा पत्ता आणि १४४१६. आणि रविवारीं फोन कराल तेव्हां गुणांची चौकशी शेवटीं ठेवा, आधीं विचारा, “जेवलास का? कोणाबरोबर जेवलास?”