प्रश्न कुणाचा, उत्तर कुणाला?

भिवंडीत कापडाचा एक तागा तयार होईपर्यंत त्याला किती घरांचे हात लागतात ते मोजून पाहा. सूत मारवाडी किंवा गुजराती पेढीवरून येतं. सायझिंगवाला बीम भरून देतो. माग मोमीन मालकाचे असतील, नाहीतर तेलंगणातून येऊन पिढ्यानपिढ्या इथलेच झालेल्या पद्मशाली मालकाचे. कारीगर उत्तर प्रदेश-बिहारचा, गाळा एखाद्या आगरी शेठचा. आणि ही सगळी माणसं एकमेकांच्या मोबाइलमध्ये असतात. सुताचा भाव, बीम कधी येणार, वीज कधी जाणार, कुणाचं पेमेंट अडलंय, असं दिवसभर चालू असतं.

अशाच ग्रुपवर एखाद्या रात्री कुणीतरी टाकतं, ‘मुक्या जनावराचा जीव घेऊन कसली भक्ती?’ दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर असतं, ‘दगडावर दूध ओतता, गरिबाच्या पोराला का पाजत नाही?’ तिसरीकडे बौद्ध मुलाला कुणी विचारतं, ‘देव मानत नाही म्हणता, मग बुद्धापुढे हात कशाला जोडता?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ज्याच्या श्रद्धेवर प्रश्न आला त्याचे कान तापतात आणि अंगठा आपोआप स्क्रीनकडे जातो. अंगठा टेकण्याआधी काय पाहायचं आणि टेकलाच तर काय लिहायचं, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम: बाण पाहा

अशा प्रश्नाला बहुतेक वेळा दोन बाप असतात. एक प्रश्न घडवणारा, दुसरा तो तुमच्या दारात आणून टाकणारा. घडवणारा कुठे बसलाय ते तुम्हाला माहीत नसतं. आणून टाकणारा मात्र ओळखीचा असतो, कदाचित उद्या सकाळी धामणकर नाक्यावर चहाला भेटणारा.

व्हॉट्सअॅपवर हे ओळखायची सोपी खूण आहे. पुढे ढकललेल्या मजकुरावर एक बाण दिसतो. पाच किंवा त्याहून जास्त वेळा हात बदलून आलेल्या मजकुरावर दोन बाण दिसतात. अफवांमुळे माणसं मारली जाऊ लागली तेव्हा, 2018 मध्ये, कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या लोकांना जमावाने ठार केलं होतं. एप्रिल 2020 पासून दोन बाणांचा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

दोन बाण दिसले तर समजावं, समोरच्याने हा प्रश्न विचारलेला नाही, नुसता वाहून आणलाय. अशा वेळी धर्माचं समर्थन करत बसू नये. आणणाऱ्याला एवढंच विचारावं, ‘शेठ, हा तुमचा प्रश्न आहे का? असेल तर सांगतो.’ निम्म्या वेळा गाडी इथेच थांबते. ‘नाही, असंच आलं, टाकलं,’ असं म्हणून माणूस मोकळा होतो. घडवणाऱ्याला दिलेलं उत्तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ते लागतं आणणाऱ्याला, आणि मग तोही त्या प्रश्नाचा मालक होऊन बसतो.

दुसरं काम: प्रश्न आहे की घोषणा?

प्रश्नचिन्ह लावलं म्हणून वाक्य प्रश्न होत नाही. हा फरक भिवंडी रस्त्यावर, फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव-महाडपर्यंत गेली. तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. मिरवणुकीत कुठे काय घोषणा झाल्या, गुलाल कुठे उधळला गेला, हे त्या चौकशीतले कळीचे मुद्दे होते. घोषणा देणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला हवा असतो समोरून येणारा पहिला दगड, म्हणजे पुढचं सगळं त्या दगडाच्या नावावर टाकता येतं.

आजच्या मजकुराला तीच कसोटी लावावी. विचारणाऱ्याचं समाधान होईल असं एक तरी उत्तर असू शकतं का? ‘कुर्बानीच्या मांसाचं पुढे काय करता?’ याला उत्तर आहे. ‘तुम्हा लोकांना लाज वाटत नाही का?’ याला नाही. पहिल्याचा सूर कितीही खवचट असला तरी उत्तर द्यावं. दुसऱ्याला देऊ नये, कारण तिथे विचारलेलंच काही नाही.

एक अडचण आहे. खरा प्रश्नही पुष्कळदा घोषणेचे कपडे घालून येतो. शेजारच्या घरात काय चालतं ते वीस वर्षं माहीत नसतं, विचारायला संकोच वाटतो, आणि मग एक दिवस ते टोमण्याच्या रूपात बाहेर पडतं. शंका असेल तर तो प्रश्नच आहे असं धरून एकदा उत्तर द्यावं. माणूस कशासाठी आला होता ते त्याच्या पुढच्या वाक्यातून कळतं.

तिसरं काम: उलटप्रश्न गिळा

‘आणि तुमच्यात नाही का?’ हे वाक्य सगळ्यात आधी सुचतं. मराठीत त्याला मोठी परंपराही आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघेही एकमेकांना सोडत नाहीत. तुर्क पुराणातल्या देवांच्या गोष्टी काढून हिंदूला टोचतो, सोवळ्या-ओवळ्यावरून चिडवतो. देव सगळीकडे आहे म्हणता तर नमाजाला एकाच दिशेला तोंड का, असं हिंदू त्याला विचारतो. भाषा तिखट आहे, आज कुठल्याही ग्रुपवर शोभेल अशी. पण शेवटी दोघांना कळतं की देव एकच आहे, आणि ते एकमेकांना मिठी मारतात.

मग आपल्याला उलटप्रश्न का वर्ज्य? एकनाथांचा संवाद ऐकणारा माणूस तो पहिल्यापासून मिठीपर्यंत सलग ऐकतो. मोबाइलवर संवाद सलग राहत नाही. तुमच्या उलटप्रश्नाचा स्क्रीनशॉट काढला जातो, मूळ प्रश्न त्यातून गळतो, आणि तुमचं वाक्य एकटंच भिवंडीभर फिरतं. मिठीचा स्क्रीनशॉट कुणी काढत नाही.

म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला एकच गोष्ट विचारावी: तू एकटं फिरलंस तर चालेल का? आधीचं-नंतरचं काही नाही, फक्त माझं नाव आणि हे वाक्य, अशा अवस्थेत ते पेढीवाल्याने, मागमालकाने, कारीगराने वाचलं तर मला मान खाली घालावी लागेल का? लागणार असेल तर ते पुसावं.

चौथं काम: उत्तराची बांधणी

साध्या मागावर ताण्याची तार तुटली तर चांगला कारीगर माग थांबवतो, दोन्ही टोकं शोधतो, बारीक गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. गाठ मोठी झाली तर ती फणीत अडकते आणि आणखी तारा तोडते. उत्तरही असंच हवं: थांबून, दोन्ही टोकं धरून, लहान गाठीचं.

एक टोक समोरच्याचं. त्याच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करावं. दुसरं टोक आपलं. ‘आमचा धर्म सांगतो’ असं न म्हणता ‘आमच्या घरी आम्ही असं करतो, त्यामागे हे कारण मानतो’ असं सांगावं. सगळ्या धर्माचं वकीलपत्र घेतलं की जगभरातल्या प्रत्येकाच्या चुकीचा हिशोब आपल्याकडे मागितला जातो. घरापुरतं बोललं तर कुणी खोटं ठरवू शकत नाही. गाठ म्हणजे त्याला बोलावणं, नाहीतर स्वतःला माहीत नसलेलं कबूल करणं.

समजा, ईदच्या आदल्या दिवशी तो जनावराचा प्रश्न आला. बांधणी अशी होऊ शकते:

‘शेठ, तुम्ही शाकाहारी आहात, तुम्हाला हे बघवत नसणार हे मला समजतं. आमच्याकडे कुर्बानी हजरत इब्राहिम यांच्या आठवणीत होते. मांसाचे तीन वाटे करतो: एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. आणखी काही विचारायचं असेल तर दुकानावर या, बसून बोलू.’

आणि दुधाच्या प्रश्नाला:

‘भाई, दूध वाया जाऊ नये हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या घरी अभिषेकाला पळीभरच दूध असतं, बाकीचं प्रसादात जातं. माझ्याजवळ जे चांगलं आहे त्यातलं थोडं आधी देवाला, एवढाच त्यात भाव. शास्त्र काय सांगतं ते मला नीट माहीत नाही, गुरुजींना विचारून सांगतो.’

बौद्ध मुलगा सांगू शकेल की हात जोडतो तो काही मागायला नाही. ज्याने वाट दाखवली त्याच्याबद्दलचा आदर म्हणून, आणि ती वाट चालायची आठवण स्वतःला राहावी म्हणून.

या उत्तरांत कुठेही ‘तुमच्यात’ आलेलं नाही. ‘मला माहीत नाही’ हे निःसंकोच आलं आहे. माहीत नसताना ठोकून दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी खोडून काढतं आणि मग सगळीच बाजू खोटी ठरते. मौलाना, गुरुजी, भन्ते यांना विचारून दोन दिवसांनी दिलेलं उत्तर शिळं होत नाही.

ग्रुपवर विचारणारा एक असतो आणि गप्प वाचणारे शंभर. तो हटवादी असला तरी ते शंभर हटवादी नसतात. ‘याच्याकडे विचारलं तर नीट सांगतो’ एवढं त्यांच्या मनात बसलं तरी उत्तर कामी आलं.

पाचवं काम: कुठे थांबायचं

दोनदा उत्तर द्यावं, तिसऱ्यांदा देऊ नये. त्यानंतर ‘मला सांगायचं ते सांगून झालं’ एवढं लिहून विषय सोडावा. ग्रुप सोडायची गरज नसते. माणूस जवळचा असेल तर त्याला वेगळा फोन करावा. चारचौघांत मागे हटणं ज्याला जमत नाही, तो फोनवर पुष्कळदा निवळतो.

शिवीगाळ, धमकी किंवा पूज्य व्यक्तीची विटंबना आली तर मात्र उत्तराचा विषय संपला. तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा, अॅडमिनला कळवावं आणि गरज पडली तर पोलिसांकडे जावं. ‘बघा हे काय लिहितात’ म्हणून तो मजकूर दुसऱ्या ग्रुपवर टाकू नये. निषेध म्हणून टाकलेला मजकूरही तेवढाच पसरतो, आणि या वेळी पसरवणारे आपण असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 299 म्हणजे जुन्या दंडविधानातलं 295-अ. धार्मिक भावना दुखावण्यासाठी जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेला अपमान हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गटागटांत वैर पसरवण्यासाठी कलम 196 आहे. धर्माबद्दलचा प्रत्येक झोंबणारा शब्द गुन्हा होत नाही, हेतुपुरस्सर द्वेषाने केलेला अपमानच होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सांगितलं आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन असल्यामुळे कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं. पण हेच कायदे उत्तर देणाऱ्यालाही लागतात. नुसत्या खवचट प्रश्नासाठी कुणी आत जाणार नाही, रागाच्या भरात दिलेल्या उत्तरासाठी मात्र आपण जाऊ शकतो.

सहावं काम, जे खरं तर पहिलं

मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. तोवरच्या पद्धतीत तणाव वाढला की प्रतिष्ठितांची शांतता समिती बसायची, भाषणं व्हायची, फोटो निघायचे. खोपड्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. एकाच वस्तीतले दोन्ही धर्मांचे साधे लोक आणि त्या भागाचा पोलीस, अशी रचना. बैठका दंगल झाल्यावर घ्यायच्या नव्हत्या, काहीही झालेलं नसताना, नेमाने घ्यायच्या होत्या. विषयही वस्तीतल्या रोजच्या कटकटींचे आणि लहानसहान भांडणांचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा, दोन दंगलींसाठी देशभर बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली.

या कमिट्यांत धर्मावर चर्चा करून कुणी कुणाला पटवलं नव्हतं. माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती, त्यामुळे अफवा आली की तपासायला कुणाला विचारायचं ते ठाऊक होतं. ही ओळखही मात्र ताजी ठेवावी लागते. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून इथे पुन्हा रक्त सांडलं. गोळीबारात नागरिक गेले, जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले.

म्हणून खोचक प्रश्नाची तयारी तो येण्याआधीच करायची असते. शेजाऱ्याच्या सणाला जाऊन बसलेल्या, आजारपणात डबा नेलेल्या, उधारीच्या अडचणीत आठ दिवस थांबलेल्या माणसाचं उत्तर वाचणारा वेगळ्या कानांनी ऐकतो. नुसत्या नंबराचं उत्तर कितीही नेमकं असलं तरी ते दोन बाणांच्या मजकुरासारखंच वाटतं.

आणि उत्तर देऊन झाल्यावर एक शेवटचं काम राहतं. सकाळी त्याच माणसाला कामाचा फोन करावा. रात्रीच्या विषयाचं नाव काढू नये, खुलासा करू नये, मागूही नये. बीम किती वाजता पोचतोय, एवढंच विचारावं.