काशीतील दंडविद्या : ग्रंथ, पाठशाळा आणि न्यायसभा

काशीच्या पांडित्याचा विचार करताना व्याकरण, मीमांसा, वेदान्त आणि नव्यन्याय या शास्त्रांची नावे प्रथम पुढे येतात. अपराध कोणता, तो सिद्ध कसा करावयाचा आणि त्याबद्दल दंड किती, या प्रश्नांचे अध्ययनही तेथे अनेक पिढ्या चालू होते, ही गोष्ट मात्र वाङ्मयेतिहासात बहुधा दुर्लक्षित राहते. याचे एक कारण असे, की या विषयाला स्वतंत्र नावच नव्हते. 'फौजदारी' हा शब्द मराठीत आला तो फारसी राजव्यवहारातून. धर्मशास्त्रात दिवाणी आणि फौजदारी अशी सरळ फाळणी आढळत नाही. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादान, निक्षेप, सीमावाद यांच्याच पंक्तीला वाक्पारुष्य, दंडपारुष्य, स्तेय, साहस आणि स्त्रीसंग्रहण ही पदे बसलेली आहेत. फरक आहे तो कार्यारंभाचा. ऋणाचा वाद वादीने न्यायसभेपुढे आणावयाचा असतो, राजाने तो उकरून काढावयाचा नसतो. परंतु 'छल', 'अपराध' आणि 'पद' या नावांनी ज्या कृत्यांची गणना निबंधकारांनी केली आहे, त्यांची दखल राजाने फिर्यादीची वाट न पाहता घ्यावयाची असते. फौजदारी न्यायाची कल्पना या भेदात दडलेली आहे.

या विद्येच्या काशीतील इतिहासात दक्षिणेकडून आलेल्या घराण्यांचा वाटा मोठा आहे. पैठणच्या रामेश्वरभट्टांनी सोळाव्या शतकात काशीस वास्तव्य केले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) यांच्यापासून पुढे या भट्टकुलाने धर्मशास्त्राचे जणू पीठच तेथे उभारले. 'निर्णयसिंधु' (१६१२) लिहिणारे कमलाकरभट्ट, शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाचे (१६७४) पौरोहित्य करणारे गागाभट्ट आणि 'व्यवहारमयूख'कार नीलकंठभट्ट ही सारी या एका वंशातील माणसे होत. कमलाकर आणि नीलकंठ हे एकमेकांचे चुलतबंधू. नीलकंठांना आश्रय मिळाला तो यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगरवंशीय राजा भगवंतदेव याचा. त्याच्याच नावाने त्यांनी 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, निबंध रचला.

अपराधाचा विचार या बारा मयूखांत एका ठिकाणी सापडत नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. न्यायसभा, पुरावा आणि दंड यांचे विवेचन 'व्यवहारमयूखा'त. राजाच्या कर्तव्यांचे 'नीतिमयूखा'त. आणि पापक्षालनाचे 'प्रायश्चित्तमयूखा'त. म्हणजे एकाच ब्रह्महत्येकडे तीन बाजूंनी पाहावयाचे : राजाने काय करावे, न्यायसभेने ती कशी ठरवावी आणि करणाऱ्याने स्वतःस शुद्ध कसे करून घ्यावे. काशीच्या पाठशाळेत धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही तीनही अंगे हस्तगत करावी लागत. 

या पठणातील विषय कोरडे नव्हते. व्यवहाराचे चार पाद, म्हणजे भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय. लिखित, भुक्ती आणि साक्षी ही मानुष प्रमाणे. ती नसतील तेव्हा तुला, अग्नी, उदक, विष, कोश इत्यादी दिव्ये. वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड अशी दंडाची चढती श्रेणी. धनदंडाची परिमाणेही ठरलेली होती : मनूच्या मते प्रथम साहसाचा दंड २५० पण, मध्यमाचा ५०० आणि उत्तमाचा १०००, याज्ञवल्क्य हेच आकडे २७०, ५४० आणि १०८० असे देतो. स्मृतिकारांतील असा मतभेद कसा मिटवावा, हाच पाठाचा खरा गाभा असे, आणि मीमांसेचे नियम तेथे कामास येत.

या शास्त्राचे आजच्या वाचकाला खटकणारे अंग सुप्रसिद्ध आहे. वर्णानुसार दंड बदलतो. ब्राह्मणास वधदंड नाही. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच मनुस्मृतीत स्तेयाच्या प्रकरणी हिशेब उलटा आहे. जाणूनबुजून चोरी करणाऱ्या शूद्राचा दोष आठपट, वैश्याचा सोळापट, क्षत्रियाचा बत्तीसपट आणि ब्राह्मणाचा चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक मानला आहे. आणि ज्या अपराधाबद्दल सामान्य माणसास एक कार्षापण दंड, त्याच अपराधाबद्दल राजाला सहस्र. शिवाय चोर सापडला नाही तर चोरीस गेलेले धन राजाने प्रजेस भरून द्यावे, असे स्मृती सांगतात. प्रजेचे रक्षण करण्याबद्दल राजा षड्भाग घेतो. रक्षण झाले नाही तर भरपाई त्याच्याकडे, हा त्यामागील विचार होय. आधुनिक राज्यांनी अपराधपीडितांच्या भरपाईचा विचार सुरू केला तो बऱ्याच उशिरा.

काशीच्या या शिक्षणाचा न्यायासनावरील प्रभाव पाहावयाचा तर रामशास्त्री प्रभुणे यांच्याइतके बोलके उदाहरण नाही. माहुलीचे रामशास्त्री काशीस गेले, तेथे धर्मशास्त्र शिकले (परंपरा त्यांच्या गुरुकुलासंबंधी पायगुंडे घराण्याचे नाव घेते) आणि १७५९ मध्ये पेशव्यांचे न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव दोषी असल्याचे ठरवून रामशास्त्र्यांनी त्याला देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि त्याच्या राज्यात राहणे नाकारून पुणे सोडले, हा प्रसंग मराठी वाचकाला बालपणापासून ठाऊक असतो. नाटक-कादंबऱ्यांनी त्यातील निर्भयतेवर भर दिला, तो यथार्थच आहे. परंतु 'प्रायश्चित्त' या शब्दाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. रघुनाथराव जातीने ब्राह्मण. व्यवहारप्रकरणानुसार त्याला वधदंड नाही. तोच गादीवर बसलेला. दंडाची अंमलबजावणी करणारा त्याच्यावर कोणी नाही. दंडाची वाट अशी दोन्ही बाजूंनी बंद असता प्रायश्चित्ताची वाट मोकळी होती, कारण तेथे देहांतापर्यंत जाता येते आणि ते सांगण्याचा अधिकार राजाचा नसून विद्वानांचा आहे. परंपरेने या निर्णयासाठी हाच शब्द जपला, त्यात काशीस शिकलेल्या धर्मशास्त्र्याची दृष्टी उमटली आहे, असे मानण्यास जागा आहे.

काशीत त्याच सुमारास वेगळे राज्य येत होते. चेतसिंगाच्या उठावानंतर १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने अली इब्राहीम खान यास नगराच्या न्यायालयावर नेमले. हा गृहस्थ साधा अंमलदार नव्हता. उर्दू कवींचे 'गुलजार-ए-इब्राहीम' हे तजकिरा त्याचेच, आणि मराठ्यांच्या युद्धांवर त्याने फारसीत वृत्तांत लिहिला आहे. १७८३ मध्ये आपल्या समक्ष झालेल्या दोन दिव्यांची हकीकत त्याने लिहून ठेवली. ती कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात (१७८८) इंग्रजीत छापली गेली. पहिल्या खटल्यात शंकर नावाच्या मनुष्यावर चोरीचा आरोप होता. पुरावा नव्हता. खानाने गंगाजलाची किंवा शाळिग्रामाची शपथ घेऊन वाद मिटवावा असे सुचविले. उभय पक्षांनी ते मानले नाही. तेव्हा तळहातांवर पिंपळाची पाने बांधून आरोपीने तापलेला लोखंडी गोळा सात मंडले ओलांडून नेला. हात भाजले नाहीत. तो सुटला, आणि इतरांस जरब बसावी म्हणून वादीला आठवडाभर कैद झाली.

दुसरा खटला अधिक उद्बोधक आहे. ऋषीश्वर भट्टाने वस्त्रे रंगविणाऱ्या रामदयालवर चोरीचा आरोप केला. उकळत्या तेलाचे दिव्य झाले. त्यासाठी ज्या पंडितांची संमती घेण्यात आली त्यांत भीष्मभट्ट, नानापाठक, हरिकृष्णभट्ट अशी नावे आहेत. त्यांतील काही दक्षिणी वळणाची दिसतात. रामदयालचा हात पोळला. पंडितांनी शास्त्र सांगितले : मालाची किंमत भरावी आणि शिवाय ऐपतीप्रमाणे दंड द्यावा. न्यायाधीशाने किमतीदाखल सातशे रुपये देवविले, पण दंड माफ केला. कारण कंपनीच्या न्यायालयांत अशा प्रकरणी दंड घेण्याची रीत नव्हती. भरपाई राहिली, दंड गळला. पुढील शंभर वर्षांत या शास्त्राचे जे झाले, त्याचे बीज या एका हुकुमात आढळते.

१७७२ च्या हेस्टिंग्जच्या योजनेनुसार हिंदूंचा वारसा, विवाह, जात आणि धर्माचार यांपुरतेच शास्त्र प्रमाण ठरले होते; फौजदारी न्याय बंगालमध्ये मुसलमानी कायद्याप्रमाणे चाले. अशा स्थितीत काशीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली. प्रांताच्या महसुलातील वाढाव्यातून पहिल्या वर्षी १४,००० आणि पुढे दरसाल २०,००० रुपये तिला मंजूर झाले. हेतू दोन होते : हिंदू प्रजेचा विश्वास संपादणे, आणि युरोपीय न्यायाधीशांना साहाय्य करणारे धर्मशास्त्रज्ञ तयार करणे. काशीनाथ पंडित हे तिचे पहिले प्रमुख. वैद्यक सोडून अन्य विषयांचे अध्यापक ब्राह्मण असावेत, विद्यार्थ्यांची वर्षातून चार वेळा रेसिडेंटसमक्ष परीक्षा व्हावी, असे नियम होते. पुढे राजारामशास्त्री कार्लेकर, बापूदेवशास्त्री, बाळशास्त्री रानडे ही मराठी मंडळी याच पाठशाळेत अध्यापन करीत होती.

न्यायालयासाठी माणसे तयार करणारी शाळा म्हणून हिची योजना झाली खरी; पण येथे शिकलेल्या स्तेय-साहसाच्या प्रकरणांना न्यायालयात प्रवेशच नव्हता. अपवाद एकच, आणि तो विदारक आहे. १७९५ च्या नियमांनी बनारस प्रांतात ब्राह्मणास देहांत शिक्षा देऊ नये, त्याऐवजी हद्दपार करावे, असे ठरविले. ही सवलत १८१७ मध्ये रद्द झाली. एवढ्या विस्तृत दंडशास्त्रातून राज्यकर्त्यांनी उचलले ते ब्राह्मणाचे अवध्यत्व. ब्राह्मण चोराचा चौसष्टपट दोष किंवा राजाने चोरीची भरपाई करण्याचे बंधन कोणी उचलले नाही. शास्त्रातील विषमता तेवढी कायद्यात आली आणि तिला तोलून धरणारे नियम पोथीत राहिले.

भाषांतरांनीही हेच केले. काशीजवळ मिर्झापूर येथे न्यायाधीश असलेल्या कोलब्रुकने पुढे, १८१० मध्ये, 'मिताक्षरे'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला तो फक्त दायविभागाचा. चालुक्यांच्या कल्याणीस रचलेला हा प्रचंड ग्रंथ त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या वकिलांना वारशाचे पुस्तक म्हणूनच माहीत झाला. मुंबई इलाख्यात १८२७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी एल्फिन्स्टनच्या नियमावलीतील चौदाव्या नियमाने इलाख्याला स्वतंत्र फौजदारी संहिता दिली, आणि त्याच वर्षी बोरोडेलने केलेले 'व्यवहारमयूखा'चे भाषांतर सुरतेस छापले गेले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे 'मयूख' सर्वोच्च प्रमाण मानला जाऊ लागला तो दाय, दत्तक आणि स्त्रीधन यांपुरता. वेस्ट आणि ब्यूलर यांनी शास्त्र्यांच्या व्यवस्था एकत्र करून १८६७ मध्ये जो संग्रह काढला, त्यातही न्यायालयांनी विचारलेले प्रश्न वारसा आणि वाटणी यांचेच आहेत. शास्त्र्याला विचारलेच गेले नाही ते तो विसरत गेला, तर नवल नाही.

भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतील पंडितांची आणि काझींची पदे संपुष्टात आली. काशीच्या पाठशाळेचे मूळ प्रयोजनच त्यामुळे नाहीसे झाले. ती टिकली ती शुद्ध विद्येचे स्थान म्हणून, आणि १९५८ मध्ये तिचे विश्वविद्यालय झाले. संपूर्णानंदांचे नाव त्यास १९७४ पासून आहे.

'व्यवहारमयूखा'ला पुन्हा पूर्ण ग्रंथ म्हणून वाचावयाचे काम प्रामुख्याने दोन मराठी वकिलांनी केले. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये मूळ संहिता भाषांतरासह प्रसिद्ध केली, आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये तिची चिकित्सक आवृत्ती काढली. काण्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चा १९४६ चा तिसरा खंड राजधर्म आणि व्यवहार यांना वाहिलेला आहे. स्तेय, साहस आणि दिव्ये यांची प्रकरणे त्यात ऋणादान-दायभागाच्या बरोबरीने आली आहेत, नीलकंठांच्या ग्रंथात ती होती तशी.