ग्रहगोलांच्या पटावरील वकिलात

पटावरच्या खेळांत लढाईला जो मान मिळतो तो तहाला सहसा मिळत नाही. बुद्धिबळातील वजिराला कोणाला वचन द्यावे लागत नाही, आणि म्हणून मोडताही येत नाही. ख्रिश्चन पीटरसन यांनी रचलेला, 1997 साली अमेरिकेत प्रथम निघालेला आणि 2017 मध्ये चौथ्या आवृत्तीने नव्या रूपात सिद्ध झालेला ‘ट्वायलाइट इम्पीरियम’ हा अंतराळ-साम्राज्यांचा खेळ या बाबतीत अगदी निराळा आहे. षट्कोनी तुकड्यांनी मांडलेल्या आकाशात तीन ते सहा खेळाडू एकेका वंशाची सत्ता चालवितात, ग्रह काबीज करतात, आरमारे बांधतात, आणि जो प्रथम दहा गुण मिळवील तो विजयी ठरतो. परंतु नुसत्या आरमाराच्या जोरावर तिथवर पोहोचणारा विरळाच, कारण मध्यवर्ती ग्रह एकदा कोणाच्या हाती आला की दर फेरीस भरणाऱ्या राजमंडळात सर्वांना बांधणारे ठराव मतांनी मंजूर होतात, आणि मते ही मागून, विकत घेऊन वा दबाव आणूनच जमवावी लागतात.

खरे मर्म आहे ते करारांविषयीच्या नियमात. जो करार तत्क्षणी पुरा होऊ शकतो तो पाळणे बंधनकारक. ज्याची पूर्तता पुढे व्हावयाची तो पाळणे वा न पाळणे सर्वस्वी वचन देणाऱ्याच्या इमानावर. माझा माल घे आणि तुझा दे, हा सौदा मोडता येत नाही. पुढील फेरीत तुझ्या हद्दीत जहाजे घालणार नाही, हे आश्वासन मात्र खुशाल मोडता येते. या उघड्या जागेत एकमेकांना देता येणाऱ्या वचनचिठ्ठ्या येतात. युद्धविरामाची चिठ्ठी ज्याच्या हाती, त्याच्या ठाण्यावर ती लिहून देणाऱ्याचे आरमार चालून येऊ लागले की ती दाखवावी आणि ते तिथेच रोखावे. गादीला पाठिंबा देणारी चिठ्ठी याहून गहन. ती ज्याला मिळते त्याला एक गुण मिळतो. पण देणाऱ्याची फौज जेथे आहे त्या क्षेत्रावर घेणाऱ्याने मोहीम काढताच चिठ्ठी परत जाते आणि गुणही जातो. दगाबाजीस मनाई नाही, तिचा दाम तेवढा आधीच मुक्रर केलेला आहे. मला ही रचना अत्यंत शहाणपणाची वाटते.

मराठवाड्यातील सोनपेठच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. त्याच्या तालुक्याला लागून जी गंगा वाहते (गोदावरीला आपल्या मुलखात गंगाच म्हणतात) तिच्याच वरच्या अंगाला, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनास, 10 ऑगस्ट 1763 रोजी पेशव्यांच्या हातून निजाम अलीच्या फौजेचा जो मोड झाला, तो तलवारीच्या आधी वकिलांनी घडविला होता. नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या पक्षात होते. पेशव्यांनी 32 लक्षांचा मुलूख देऊ करून त्यांना गुप्तपणे फोडले. निजाम नदी उतरून पैलतीरी गेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेसह अलीकडे राहिला, आणि नेमके अशा वेळी जानोजी दूर झाले. गंगेला पूर असल्यामुळे धन्याला मदतीस येता येईना. विठ्ठल सुंदर रणात पडला. परंतु ज्याने एका पक्षाला फसविले त्याच्यावर दुसरा पक्ष तरी किती दिवस विश्वासणार? 1766 साली माधवराव पेशवे आणि तोच निजाम एक होऊन जानोजींवर चालून गेले, आणि त्या मुलखापैकी तीन-चतुर्थांश त्यांना सोडून द्यावा लागला.

खेळातील हेरगिरीचे अंग यामानाने लहान आहे, तरी नेमके आहे. प्रत्येकाच्या हातातील डावपेचांचे पत्ते गुप्त असतात, आणि प्रत्येकापाशी गुणांची काही गुप्त उद्दिष्टेही असतात. हेराचे पान खेळले की प्रतिपक्षाला आपल्या हातचा एक पत्ता, न निवडता, देणे भाग पडते. इस्सारिल नावाचा वंश तर हेरांचाच. इतरांना सातांहून अधिक पत्ते बाळगता येत नाहीत, इस्सारिलांना मर्यादा नाही. विशेष हे की आपले हेरजाळे ते चिठ्ठीच्या रूपाने विकूही शकतात: ज्याच्याकडे ती चिठ्ठी गेली तो इस्सारिलांचेच सारे पत्ते पाहून त्यांतील एक उचलतो. दरबारोदरबारी अखबारनवीस नेमणाऱ्या मुत्सद्द्यांना या व्यवहाराचे इंगित चटकन उमगले असते.

हा खेळ एका बैठकीस अख्खा दिवस मागतो, त्याचे साहित्य महाग आहे आणि नियम इंग्रजीत आहेत. म्हणून ज्यांना चित्र काढता येते, नियम बांधता येतात आणि इतिहासाची आवड आहे अशा मराठवाड्यातील तरुणांनी पैठणपासून नांदेडपर्यंतच्या गोदाकाठाचा, पेशवे, निजाम आणि भोसले यांच्या वकिलातींचा असा एक पट मराठीत सिद्ध करावा, ही माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.