बर्फातून बोटीवर

बाहेर तापमान शून्याच्या बरंच खाली, दारातल्या पायऱ्यांवर मीठ टाकलेलं, आणि तळघरात जमलेली आम्ही आठ माणसं पोहण्याचा पोशाख कुठं स्वस्त मिळतो यावर गंभीरपणे चर्चा करतोय. फेब्रुवारी २०२३ मधल्या पहिल्या शनिवारची ही गोष्ट. गाव बफेलो, अमेरिकेतलं, नायगारा धबधब्यापासून अर्ध्या तासावर. मुलीकडे बाळंतपणाच्या निमित्ताने मी तिथं हिवाळाभर होते. नातू दुपारी झोपला की मला करमेना, म्हणून जावयांनी तिथल्या हौशी मराठी लेखकांच्या बैठकीत नेऊन सोडलं. हौशी म्हणजे अगदी हौशी. कुणाचं पुस्तक नाही, पुरस्कार नाही. महिन्यातून दोन शनिवार जमायचं, प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं, वाचायचं, आणि मग साबुदाण्याची खिचडी. टीका करायची नाही असा नियम होता आणि तो दर वेळी मोडला जायचा.

विषय ठरवून दिलेला असला तरी गाडी दोनच स्टेशनांवर थांबायची. थंडी आणि क्रूझ. नागपूरच्या वहिनी म्हणायच्या, इथं माणसं सहा महिने बर्फाबद्दल बोलतात आणि उरलेले सहा महिने पुढच्या क्रूझबद्दल. मला आधी हे दोन वेगळे विषय वाटायचे. मी साताऱ्याला बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, तरी ते एकच आहेत हे कळायला मला बोटीवर जावं लागलं.

आधी बर्फाचं सांगते. बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. सरोवर जवळजवळ चारशे किलोमीटर लांब, पण पंचमहासरोवरांत सगळ्यांत उथळ. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून गार, कोरडा वारा येतो. नैऋत्येकडून आला की तो सरोवराची पूर्ण लांबी ओलांडतो, वाटेत ऊब आणि बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर पोचला की सगळा बर्फ एका अरुंद पट्ट्यात ओततो. त्या पट्ट्यात तुम्ही असाल तर घर बुडेल, चार मैल बाजूला असाल तर ऊन. आपल्याकडे महाबळेश्वर पावसात भिजत असतं आणि खाली वाईत छत्रीसुद्धा उघडावी लागत नाही, तशातला प्रकार. फक्त तिथं काम डोंगर करतो, इथं पाणी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे दोन मीटर बर्फ पडला. शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत त्याच्या तुलनेत नाममात्र.

सरोवर एकदा गोठलं की हा कारखाना मंदावतो. पण त्यातही खोच आहे. १९७७ मध्ये सरोवर डिसेंबरातच गोठलं होतं आणि त्याच्यावर आठवड्यांचा भुसभुशीत बर्फ साचला होता. २८ जानेवारीला वादळी वारा सुटला आणि तो सगळा साठा उचलून शहरावर आणून टाकला. आकाशातून फारसा न पडताच बर्फानं शहर गाडलं गेलं. आमच्या मंडळातले मालवणचे काका तेव्हा तिशीच्या आत होते, नुकतं लग्न झालेलं. त्या वादळावर ते फार खुलून बोलत. काकूंनी पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि विचारलं, हा रोजच असा असतो का?

आता थोडं त्या ‘विंड चिल’बद्दल, कारण तिथल्या टीव्हीवर तापमानाचे दोन आकडे सांगतात आणि नवा माणूस गोंधळतो. शरीराभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो आणि अंगातली उष्णता भराभर जाते. उणे दहा अंश सेल्सियस तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. पण अंगणातल्या गाडीचं तापमान काही उणे दहाच्या खाली जात नाही. जिवंत, गरम अंगाचं हे दुःख आहे, लोखंडाचं नाही. दुसरी गोष्ट ‘ब्लॅक आइस’. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचा डांबरी रस्ता दिसतो म्हणून काळा वाटतो. मीठ टाकलंय म्हणून मी निर्धास्त चालले आणि सपशेल बसले. उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, हे मला जावयांनी मी खाली बसलेली असतानाच समजावून सांगितलं.

हे सगळं मजेचं. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळाच्या तोंडावर जे झालं ते मजेचं नव्हतं. ताशी ५६ किलोमीटरच्या वर वारा आणि ४०० मीटरच्या आतलं काही दिसत नाही, अशी स्थिती सलग तीन तास टिकली तर तिथलं हवामान खातं तिला हिमवादळ म्हणतं. त्या वेळी ती सुमारे दीड दिवस टिकली. चारेक दिवसांत विमानतळावर १३० सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडला. चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी घरात, कुणी रुग्णवाहिका पोचू शकली नाही म्हणून. गाडी बर्फात रुतली आणि धुराडं बुजलं की विषारी वायू आत शिरतो, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. आणखी एक असंच. घर गॅसवर तापत असलं तरी गरम हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की गॅस असूनही घर गार. मुलीकडे वीज टिकली. आम्ही बाळाला मध्ये घेऊन एका खोलीत झोपलो, एवढंच.

वादळानंतरच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी त्यावरच लिहून आणलं होतं. डॉक्टरांनी रुग्णालयात सलग काढलेल्या दिवसांबद्दल, वहिनींनी संपलेल्या दुधाबद्दल. मालवणच्या काकांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “मी या वेळी काही लिहिलेलं नाही.” त्यांच्या भागात वीज गेली होती हे आम्हाला माहीत होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात ते एकटेच, वय पंचाहत्तरच्या पुढं. मुलगा टेक्सासात, घर विकून इकडे या म्हणून मागे लागलेला. कुणी जास्त विचारलं नाही. आपण मराठी माणसं अशा वेळी ताटात आणखी एक जिलबी वाढतो आणि विषय बदलतो. त्या दिवशी बदललेला विषय म्हणजे क्रूझ, आणि खिचडी संपेपर्यंत आठ जणांचं जायचं ठरलंसुद्धा.

क्रूझ हा प्रकार मुळात हिवाळ्यानेच जन्माला घातला आहे. हॅम्बुर्गच्या एका जहाज कंपनीत अल्बर्ट बालीन नावाचे गृहस्थ होते. युरोपातून अमेरिकेला माणसं नेणारी त्यांची मोठमोठी जहाजं हिवाळ्यात रिकामी पडायची, कारण खवळलेल्या, गोठवणाऱ्या उत्तर अटलांटिकवर हौसेनं कोण जाणार? जहाज उभं ठेवलं तरी खर्च चालूच. बालीन यांनी २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे नुसतं फिरायला काढलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं म्हणतात. आधुनिक क्रूझची सुरुवात बहुधा तिथून सांगतात. पुढं १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि प्रवासी जहाजांचा मूळ धंदाच बसला. मग १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ नावाचं जहाज मायामीहून बहामाच्या फेऱ्या करू लागलं आणि कॅरिबियन क्रूझची लाट आली. आता तर जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी मावतात. तिचं माप सुमारे २,४८,००० टन सांगतात. पण हे टन वजनाचे नव्हेत, जहाजाच्या आतल्या जागेचं ते माप आहे.

बोटीसुद्धा पक्ष्यांसारख्या ऋतू बघून जागा बदलतात. उन्हाळ्यात अलास्का किंवा भूमध्य समुद्र, थंडीत कॅरिबियन. तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल हे दिवस सोयीचे. आणि जवळपास प्रत्येक बोट वाटेत नासाऊसारख्या एखाद्या परक्या बंदराला का लागते? १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी निशाणाच्या जहाजानं नुसती अमेरिकन बंदरांमध्येच प्रवासी वाहतूक करायची नाही. बहुतेक बोटींवर बहामा, पनामा अशी निशाणं असतात, म्हणून एखाद्या परक्या बेटाला पाय लावणं भाग. आपला पासपोर्ट भारतीय असेल तर त्या बेटांचे आणि परत अमेरिकेत शिरण्याचे व्हिसाचे नियम तिकिटाआधी पाहावेत. आणि थंड गावातून जायचं असेल तर आदल्या दिवशीच बंदराच्या गावी मुक्कामाला पोचावं. बर्फामुळे विमान रद्द झालं म्हणून बोट थांबत नाही. आमच्यातले एक जोडपं हॉटेलचा खर्च वाचवायला त्याच दिवशी निघणार होतं. डॉक्टरांनी त्यांना फोनवरून इतकं झापलं की ते आमच्याआधी पोचले.

फ्लोरिडातून निघालो ती पहिलीच रात्र. सगळ्यांनी स्वेटर पेट्यांच्या तळाशी घातलेले, गच्चीवर गाणी चाललेली, आणि दहाच्या सुमाराला जेवणघरातले पेले हलके किणकिणू लागले. मग बोट चांगलीच डोलू लागली. बोटीला पाण्याखाली माशाच्या परांसारखी पाती असतात, ती आडवं डोलणं कमी करतात. पण पुढून-मागून होणाऱ्या हेलकाव्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही. अशा वेळी मधल्या आणि खालच्या मजल्यावरची खोली बरी, सी-सॉच्या मधोमध बसल्यासारखी. आम्ही हौसेनं पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची घेतली होती.

झालं होतं असं. कॅनडातून उतरलेली थंड हवा अमेरिका ओलांडून फ्लोरिडापर्यंत येते आणि तिथं समुद्रावर उत्तरेचा वारा सुटतो. त्याच समुद्रातून गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला जोरात वाहत असतो. प्रवाह एकीकडे, वारा त्याच्या तोंडावर. मग लाटा उंच, उभ्या आणि एकमेकींच्या जवळजवळ येतात. म्हणजे ज्या थंडीला आम्ही कंटाळून पळालो, तीच आमच्या मागोमाग बोटीखाली येऊन बसली होती. मी हे मोठ्या उत्साहानं वहिनींना समजावू लागले, तर त्या म्हणाल्या, “ताई, मला पिशवी द्या आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत. न्याहारीला आम्ही दोघंतिघंच. मालवणच्या काकांनी पलीकडच्या माणसाला चहाबद्दल काही विचारलं आणि ताटल्या उचलणारा मुलगा थबकला. “काका, तुमी मालवणी मां?” वेंगुर्ल्याकडचा निघाला. तिशीचा असेल. बोटीवर त्याचं हे चौथं कंत्राट, प्रत्येक वेळी आठ-नऊ महिन्यांचं. आपल्या कोकणातली, गोव्यातली माणसं जहाजांवर आजची नाहीत. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते ते याचसाठी, जहाज मिळेपर्यंत खलाशांना पाठ टेकायला. तो मुलगा सांगत होता, सुटीचा दिवस असा नसतो, आठवड्याचे सातही दिवस काम. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे रोज निदान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती द्यावी लागते. उरलेल्या तासांचा हिशेब तुम्हीच करा. आमच्या बिलात रोजची बक्षिसी आधीच धरलेली असते. ती काढून टाका म्हणून सांगायला रांगेत उभे राहणारे लोक मी पाहिले, त्यांत आपलेही होते. मला ते आवडलं नाही.

त्याला काकांकडून एकच गोष्ट हवी होती. बर्फ. हिवाळ्यात त्याची बोट कायम कॅरिबियनमध्ये. “वादळात माणसा मेली म्हणान मोबाइलर बघलंय,” तो म्हणाला, “तुमी थंयच होतास?” आणि काका, जे आमच्यापुढं काही बोलले नव्हते, ते त्या मुलाच्या तासाभराच्या मोकळ्या वेळात, सलग तीन दुपारी, मालवणीत बोलत राहिले. मी शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसले होते. वीज गेल्यावर त्यांनी नळ थेंबथेंब चालू ठेवले, पाइप फुटू नयेत म्हणून. गॅसची शेगडी काडीनं पेटवून पेज केली आणि लगेच बंद केली. काकूंची गोधडी कपाटातून काढली, दोन वर्षं ती काढली नव्हती. दुसऱ्या रात्री त्यांना वाटलं, आता झोपलो तर उठणार नाही, म्हणून ते मोठ्यानं मालवण ते सावंतवाडी एसटीचे थांबे म्हणत बसले. कुडाळच्या पुढचा एक थांबा काही केल्या आठवेना. तो आठवत असतानाच शेजारच्या पोलिश म्हाताऱ्यानं फावड्यानं दार ठोठावलं. त्या मुलानं तो थांबा चटकन सांगितला.

परत आल्यावरच्या शनिवारी बैठकीचा विषय अर्थातच क्रूझ. सात जणांच्या पानांपैकी पाचांत जेवणाची यादी होती, माझ्या पानात गल्फ स्ट्रीम. वहिनींनी आजारी पडण्यावर लिहिलं आणि ते सगळ्यांत चांगलं होतं. काकांनी दोन पानं लिहून आणली होती, नियम मोडून. त्यांत बोट नव्हतीच, एसटीचे थांबे होते, क्रमानं. वाचून झाल्यावर डॉक्टरांनी पानांचा फोटो काढला आणि वेंगुर्ल्याच्या त्या मुलाला पाठवला. त्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं, बोट बंदराला लागली तेव्हा. एका थांब्याचं नाव चुकलं होतं.