कणगीतला उंदीर, पोटातला जंतू आणि पावातले यीस्ट

उंदीर म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे कुरतडलेली पोती येतात. जंतू म्हटला की हगवण आठवते. यीस्टचे नाव कदाचित ऐकले नसेल, पण बेकरीतला पाव ज्याने फुगतो आणि झाडावरची ताडी ज्याने आंबते, तेच हे यीस्ट. गोव्यात तर पूर्वी पाव फुगवायला पिठात ताडीच घालीत. या तिघांना शास्त्रज्ञांनी कामाला जुंपले आहे, आणि त्यांच्या कामाचे फळ आज तुमच्या घरात, फळीवर किंवा आशाताईंच्या पिशवीत आहे.

आधी आजीच्या इन्शुलिनचे बघू. पुष्कळ घरांत वडीलधारी माणसे हे इंजेक्शन घ्यायला कां-कू करतात. खोदून विचारले तर हळूच सांगतात, "ते गाई-डुकरांपासून काढतात म्हणे." हे ऐकलेले खोटे नव्हे, पण आता जुने झाले. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हा रस वेगळा केला. पुढच्याच जानेवारीत लेनर्ड थॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला आणि मरणाच्या दारातला पोरगा उठून बसला. त्यानंतर साठ वर्षे इन्शुलिन कत्तलखान्यातूनच येई. डुकरांच्या दोन टन स्वादुपिंडांतून जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम निघे. काहींच्या अंगाला ते मानवतही नसे.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? तुम्ही आंब्याला करता तेच. गावठी रोपाच्या खुंटावर हापूसची काडी बांधली की मूळ गावठी राहते आणि फळ हापूसचे येते. इथे खुंट म्हणून घेतला आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू. एशेरिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शीमधून तो शोधला होता. त्याच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज एक छोटेसे कडे असते. ते कडे कापून त्यात परके जनुक सांधायचे आणि कडे जंतूच्या पोटात परत सोडायचे, ही युक्ती कोहेन आणि बॉयर यांनी १९७३ साली अमेरिकेत दाखवली. जनुक म्हणजे अमुक पदार्थ कसा बनवायचा याची लिहिलेली कृती. नवल असे की माणसाची आणि जंतूची लिपी एकच आहे. परकी कृतीही जंतू मुकाट्याने वाचतो आणि तो पदार्थ बनवू लागतो.

१९७८ साली कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेतल्या आणि जेनेन्टेक कंपनीतल्या लोकांनी माणसाच्या इन्शुलिनची कृती रसायने जुळवून अक्षर अक्षर तयार केली आणि या जंतूत बसवली. खाणेपिणे नीट असले तर हा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. दहा तासांत तीस पिढ्या होतात, म्हणजे एकाचे शंभर कोटींवर! असले बेणे शेतात मिळाले असते तर काय हवे होते. १९८२ साली हे इन्शुलिन अमेरिकेत विक्रीला आले. आज दुकानात मिळते ते बहुतेक असेच, जंतूकडून किंवा यीस्टकडून करवून घेतलेले आहे. बाटलीत जंतू नसतो. त्याने बनवलेले इन्शुलिन गाळून, शुद्ध करून भरलेले असते. तेव्हा आजीला सांगा, यात गाय नाही, डुक्कर नाही.

घरी फ्रिज नसेल तर एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. वाळू वाळू देऊ नका. फ्रिज असला तरी बर्फाच्या खणात बाटली कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन वाया जाते.

आता यीस्टकडे वळू. 'ब' प्रकारच्या काविळीची पहिली लस १९८१ साली आली, ती रोगी माणसांच्याच रक्तातून काढीत. पुढे त्या विषाणूच्या फक्त वरच्या सालीची कृती यीस्टमध्ये बसवली. यीस्ट नुसती साल बनवते. आतला विषाणू त्यात नसतोच, त्यामुळे लसीने कावीळ होण्याची भीती नाही. अशी लस १९८६ साली अमेरिकेत मंजूर झाली. आपल्या देशात ती पहिल्यांदा बनवली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने, १९९७ साली. आता सरकारी दवाखान्यात ती फुकट टोचतात.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. "पाचवी होऊ द्या, मग सुई टोचा," असे म्हणणाऱ्या सासूबाई अजून आहेत. या लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायचा असतो. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या यकृतात हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांच्याही आतच तो असा टिकून राहतो. बाळ पिवळे दिसत नाही, कित्येक वर्षे काही कळतही नाही, आणि ऐन कर्तेपणी यकृत नासते. तेव्हा भगताकडे कावीळ उतरवायला जाऊन उपयोग नाही. बाळंतपण घरी झाले तर त्याच दिवशी नर्सबाईंना निरोप धाडा. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात.

राहिला उंदीर. त्याच्यावर आपला राग आहे, पण बायाबापड्यांवर त्याचे उपकार जुने आहेत. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनचे डॉक्टर आशहाइम आणि झोंडेक बाईची लघवी उंदराच्या लहान माद्यांना टोचीत. चार-पाच दिवसांनी त्या मारून अंडाशय तपासले की बाईला दिवस गेले की नाही ते कळे. दर तपासणीला चार-पाच जीव जात. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली पेशी आणि त्याच्याच कर्करोगाची पेशी एकत्र जोडली. ही जोडपेशी मरत नाही, आणि एकच एक ओळखणारे द्रव्य ती वर्षानुवर्षे बनवीत राहते. दोघांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आशाताई देतात त्या गर्भतपासणीच्या पट्टीत असलेच द्रव्य असते. दोन रेघा उमटल्या की दिवस गेले असे समजायचे. एकच रेघ, तीही ठरल्या जागी, उमटली तर नाही. एकही रेघ उमटली नाही तर पट्टी खराब निघाली, दुसरी मागून घ्यावी.

मलेरियाची पट्टीही याच जातीची आहे. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त तिच्यावर घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. तालुक्याला जायचा एसटीचा खर्च वाचतो. तापाच्या पहिल्याच दिवशी आशाताईंना हाक मारा.