पडीक कोणाच्या नकाशात? : भूमी उपयोजनाच्या नोंदी आणि नागरिकांचे ज्ञान

भूमी आच्छादन आणि भूमी उपयोजन या दोन संज्ञा पाठ्यपुस्तकांत बहुधा जोडीने येतात आणि सरकारी अहवालांत तर एकाच शीर्षकाखाली छापल्या जातात; वस्तुतः त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जमिनीच्या पृष्ठभागावर गवत आहे की झाडोरा, पाणी आहे की उघडा खडक, हे आच्छादन सांगते, तर माणसे त्या जमिनीचे काय करतात हे उपयोजन सांगते. सप्टेंबर महिन्यातला एखादा हिरवा माळ गावाचे गायरान असेल, वैरणीसाठी राखलेले खासगी कुरण असेल, दोन वर्षे पड टाकलेले शेत असेल किंवा बिगरशेती परवानगी मिळून बांधकामाची वाट पाहणारा भूखंडही असेल. आकाशातून मात्र या चारही जमिनींचा रंग एकच दिसतो.

हा प्रश्न उपग्रहाची नजर अधिक तीक्ष्ण झाल्याने सुटलेला नाही. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने देशाच्या भूमी उपयोजनाचे 1:50,000 प्रमाणावरील नकाशे 2005-06 पासून ज्या संवेदकाच्या आधारे तयार केले, त्याचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेचा सर्वांत लहान चौकोन, 23.5 मीटर बाजूचा होता. त्यात साधारण साडेपाच गुंठे जमीन मावते. युरोपीय अवकाश संस्थेचा 2020 सालचा जागतिक भूमी आच्छादन नकाशा 10 मीटरच्या पिक्सेलवर, म्हणजे जवळपास गुंठ्यागुंठ्यावर, उतरलेला आहे. अर्थात गुंठा स्पष्ट दिसू लागला म्हणून त्या गुंठ्यावर कोणाची गुरे चरतात आणि कोणत्या महिन्यात चरतात, हे प्रतिमेत उमटत नाही. ती माहिती तिथे राहणाऱ्या आणि वावरणाऱ्या माणसांकडेच असते, आणि म्हणून नागरिकांनी दिलेल्या भौगोलिक माहितीकडे तज्ज्ञांच्या कामाचा स्वस्त पर्याय म्हणून न पाहता वेगळ्या जातीचे ज्ञान म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

या विचाराची मुळे संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत. रंगून विद्यापीठात अध्यापन करून मायदेशी परतलेले भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी 1930 मध्ये ब्रिटनच्या भूमी उपयोजनाचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा त्यांच्याजवळ मोठा निधी नव्हता आणि पगारी सर्वेक्षकांची फौजही नव्हती. त्यांनी शाळांकडे मदत मागितली. मैलाला सहा इंच या प्रमाणावरील नकाशे घेऊन शाळकरी मुले, त्यांचे शिक्षक आणि विद्यापीठांतील विद्यार्थी आपापल्या परगण्यात शेतोशेत फिरले आणि नांगरलेली जमीन, कायम गवताची जमीन, वन, झुडपी माळ, बागा अशा मोजक्या वर्गांची खूण प्रत्येक तुकड्यावर करत गेले. वर्ग मोजके ठेवणे हा या योजनेचा कणा होता, कारण बारा वर्षांच्या मुलालाही शंका न येता ठरवता येईल इतकेच त्याला विचारले गेले होते. दुसऱ्या महायुद्धात आयात धान्य तुटल्यावर कोणती गवताळ जमीन नांगराखाली आणावी, हे ठरवताना हेच नकाशे कामी आले.

भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी 2007 मध्ये नागरिकांनी दिलेल्या अशा माहितीला स्वयंप्रेरित भौगोलिक माहिती असे नाव दिले आणि नागरिक हेच संवेदक आहेत अशी मांडणी केली, तोवर साधने पालटलेली होती. लंडनमध्ये 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. त्यात कोणीही बिंदू, रेषा किंवा बंदिस्त आकृती काढून तिला गुणविशेषाची चिठ्ठी, म्हणजे टॅग, जोडू शकतो. हा नकाशा प्रथम रस्त्यांसाठी वाढला. शेत, वन, वस्ती यांच्या आकृत्या नंतर आल्या आणि विरळ आल्या. पोर्तुगालमधील अशा आकृत्या युरोपच्या भूमी आच्छादनाच्या अधिकृत कोरीन नकाशाशी ताडून पाहिल्या असता सुमारे 76 टक्के जुळणी आढळली, पण त्या आकृत्यांनी व्यापलेला प्रदेश फारच थोडा होता. कोरीनच्या बाजूनेही मर्यादा आहे, कारण त्यात 25 हेक्टरांहून लहान तुकडा स्वतंत्रपणे दाखवलाच जात नाही. तेव्हा जुळणी न झालेल्या प्रत्येक जागी चूक नागरिकाचीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

अचूकतेपेक्षा गंभीर प्रश्न असमतोलाचा आहे. मुकी हॅकले यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधील ओपनस्ट्रीटमॅपच्या नोंदी अधिकृत स्थानांपासून सरासरी सहा मीटरांच्या आत आढळल्या, म्हणजे ज्यांनी काम केले त्यांनी ते नेटके केले होते. परंतु गरीब वस्त्यांची नोंद संपन्न भागांच्या तुलनेत अपुरी राहिली होती. रस्त्यांच्या नकाशात कोरी जागा दिसली की वापरणाऱ्याला ती अपूर्ण वाटते. भूमी उपयोजनाच्या नकाशात मात्र कोरी जागा रिकाम्या जमिनीसारखी वाचली जाते आणि हा गैरसमज तिथे राहणाऱ्यांना महागात पडतो.

या संदर्भात ऑस्ट्रियातील लाक्सनबुर्ग येथील आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्थेने 2009 मध्ये सुरू केलेल्या जिओ-विकी या उपक्रमाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्या काळी जगाच्या भूमी आच्छादनाचे तीन नामांकित नकाशे उपलब्ध होते आणि पिकाखालील जमीन व वन यांच्या बाबतीत ते अनेक प्रदेशांत एकमेकांशी जुळत नव्हते. तेथील स्टेफन फ्रिट्झ, लिंडा सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाशांतील या मतभेदाच्या जागा स्वयंसेवकांसमोर ठेवल्या. स्वयंसेवकाने त्या जागेची बारकाईची उपग्रह प्रतिमा पाहायची आणि तिथे काय दिसते, मानवी हस्तक्षेप कितपत आहे व स्वतःला आपल्या उत्तराची खात्री किती आहे, हे नोंदवायचे, अशी ती पद्धत होती.

तिचे महत्त्व जैवइंधनाच्या वादात दिसून आले. जगात जैवइंधनाच्या पिकांसाठी 32 कोटी ते 141.1 कोटी हेक्टर जमीन उपलब्ध असल्याचा अंदाज 2011 मध्ये मांडला गेला होता आणि त्याचा आधार ‘सीमान्त’, म्हणजे कमी कसाची व वापरात नसलेली, जमीन हा होता. स्वयंसेवकांनी अशा जागांचे नमुने एकेक करून पाहिले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शेती किंवा माणसाच्या वावराच्या इतर खुणा आढळल्या, आणि 2013 मध्ये तोच अंदाज 5.6 कोटी ते 103.5 कोटी हेक्टरांवर खाली आणावा लागला. कोट्यवधी हेक्टरांची ही घट म्हणजे कागदावर रिकाम्या ठरलेल्या आणि प्रत्यक्षात कोणाच्या तरी पोटापाण्याशी बांधलेल्या जमिनीचे मोजमाप आहे, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

याच मोहिमेतील माहितीवरून तज्ज्ञ व सामान्य स्वयंसेवक यांची तुलनाही केली गेली. मानवी हस्तक्षेप ओळखण्यात सामान्य माणसे तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. आच्छादनाचा नेमका प्रकार ठरवण्यात तज्ज्ञ सरस ठरले, मात्र सरावाने हे अंतर कमी होत गेले. असे असले तरी पडद्यावरची प्रतिमा पाहणारा स्वयंसेवक हजारो मैलांवर असतो. त्याने लावलेला अर्थ हा उपग्रहाच्याच नजरेचा सुधारलेला अर्थ असतो आणि जमिनीवर राहणाऱ्याची साक्ष त्यानंतरही बाकीच राहते.

अशा साक्षीची व्यापक पद्धत महाराष्ट्रात अस्तित्वात आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदार शेतकरी स्वतःच्या गटात उभा राहून मोबाइलवर पीक, त्याचे क्षेत्र आणि सिंचनाचे साधन नोंदवतो, स्थानांकित छायाचित्र जोडतो, आणि ही नोंद सातबाऱ्यातील गाव नमुना 12 मध्ये जाते. पूर्वी हे काम एकट्या तलाठ्यावर असे. आंतरपीक, मिश्रपीक, चालू पड, कायम पड हे उपग्रहाला चकवणारे भेद शेतकऱ्याला विचार न करता सांगता येतात. ही माहिती गुडचाइल्ड यांच्या अर्थाने स्वयंप्रेरित नव्हे, कारण पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई यांच्याशी तिचा संबंध आहे, आणि म्हणूनच तिची पडताळणी उपग्रह प्रतिमांशी होत राहणे योग्य ठरते. तिची खरी मर्यादा दुसरीकडेच आहे. नोंद खातेदाराच्या नावाने होते, त्यामुळे तोंडी कराराने जमीन कसणारा वाटेकरी तिच्यात सहज दिसत नाही. आणि ज्या जमिनीला खातेदारच नाही तिचे छायाचित्र काढण्याची पाळी कोणावरच येत नाही.

गायराने, बरीच माळराने आणि कोकणातले काही सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारे, या दुसऱ्या, खातेदार नसलेल्या जमिनीच्या प्रकारात येतात. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी 2000 सालापासून वेळोवेळी काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन, अवनत चराऊ जमीन आणि खडकाळ ओसाड असे वर्ग आहेत. कोकणातील जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यातल्या प्रतिमेत तिसऱ्या वर्गातच पडणार. परंतु पावसाळ्यात त्याच कातळावर गेंद आणि सीतेची आसवे यांसारख्या अल्पजीवी वनस्पती उगवतात, गुरे चरतात, खोलगट जागी माती साठली असेल तिथे भातही होतो, आणि रत्नागिरी परिसरातील ज्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत 2022 मध्ये झाला, ती स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव विचारणा करून याच सड्यांवर शोधली. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या गवताळ माळांवर धनगरांचे कळप हंगामागणिक फिरतात. केवळ प्रतिमेवरून अशी जमीन पडीक ठरू शकते आणि पडीक ठरलेली जमीन वृक्षलागवडीला, सौर प्रकल्पाला किंवा उद्योगाला सहज देता येते, कारण कागदावर तिथून कोणी उठवले जात नाही.

सामाईक जमिनीबाबत लोकांची नोंद कायद्याच्या पायरीपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण पूर्व विदर्भात सापडते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी आपल्या वनाच्या सीमा स्वतः चालून, जीपीएस यंत्रावर टिपून दावे दाखल केले. अशा नकाशांत तेंदू, मोह व बांबू गोळा करण्याच्या जागा, चराईच्या वाटा, पाणवठे आणि देवस्थाने येतात. प्रतिमेत हे सारे सलग हिरवे असते. वनहक्क कायद्याच्या 2008 सालच्या नियमांनी पुराव्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात उपग्रह प्रतिमा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन ही दोन्ही आहेत. आणि दावे केवळ प्रतिमेच्या आधारे फेटाळले जाऊ लागल्यावर, प्रतिमा इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरावी, त्याची जागा तिने घेऊ नये, असे केंद्राने 2012 मध्ये स्पष्ट केले. गायरानांसाठी, माळांसाठी आणि सड्यांसाठी असा नियम अद्याप नाही.