गाव वसवायचंय, विद्यापीठाचं!

‘बसलीस पुन्हा त्या डबड्यापुढं!’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते. आमच्याकडेही येत होते. बारावीची परीक्षा देऊन भाची सुट्टीला आली होती आणि बाईसाहेबांचा मुक्काम सारा दिवस संगणकापुढे. एका दुपारी गवार मोडता मोडता मी सहज डोकावले. पाहते तो काय, पडद्यावर ना मारामारी, ना मोटारींच्या शर्यती. एक बाई शेगडीपाशी उभी राहून स्वयंपाक करीत होती! मागे खरकटी भांडी साठली होती, केराचा डबा ओसंडून वाहत होता आणि नळ बिघडून पाण्याचे तळे झाले होते. मैत्रिणींनो, मी गवारीची परात बाजूला सारली आणि खुर्ची ओढून बसले.

या खेळाचे नाव ‘द सिम्स’. २००० साली तो अमेरिकेत निघाला. त्याचा कर्ता विल राइट. १९९१च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या डोंगरउतारावर मोठा वणवा पेटला आणि त्यात त्याचे राहते घर जळून गेले. पुन्हा संसार मांडताना कोणती वस्तू आधी घ्यायची, कशावाचून महिनाभर निभेल, असा विचार करता करता त्याला हा खेळ सुचला. तुम्हांआम्हांला यात नवल ते काय? बदलीच्या गावी ट्रंका उतरवल्यावर आधी स्टोव्ह की आधी अंथरुणं, हे कोडं आपण कितीदा तरी सोडवलेलं आहे!

खेळातल्या माणसांना आठ गरजा असतात. भूक, झोप, आराम, आंघोळ, शौच, करमणूक, सोबत आणि आसपासची टापटीप. त्या वेळच्या वेळी भागल्या नाहीत की माणूस चिडतो. अभ्यासाला बस म्हटलं तर चक्क मान हलवून नाही म्हणतो. घरात वाढती मुलं असलेल्या आईला हे वेगळं सांगायला नको.

भाचीला मात्र नुसते घर नको होते, गाव हवे होते. तेही विद्यापीठाचे. २००४ साली या खेळाची दुसरी आवृत्ती निघाली आणि २००५च्या मार्चमध्ये तिला ‘युनिव्हर्सिटी’ नावाची पुरवणी जोडली गेली. २०२५च्या जानेवारीत हा जुना खेळ पुरवण्यांसकट नव्याने विक्रीला आला, तो तिने घेतला होता. त्यात तीन विद्यापीठांची आवारे तयार मिळतात. एक जुन्या अमेरिकन थाटाचे, एक युरोपी वळणाचे, एक वाळवंटातले. शिक्षण चार वर्षांचे, सहामाह्या आठ. एकेक सहामाही खेळातल्या ७२ तासांची, म्हणजे आपल्या घड्याळाने ७२ मिनिटांची. कुकरच्या शिट्ट्या मोजत मुलगी पदवीधर होते म्हणा ना!

पण तयार आवारावर समाधान मानील ती आमची भाची कसली? या आवृत्तीत आपले स्वतःचे गाव उभारता येते. त्यासाठी आधी ‘सिमसिटी ४’ या २००३च्या भावंड-खेळात जमीन घडवायची. टेकड्या उचलायच्या, नदी खणायची, रस्ते आखायचे आणि मग तो नकाशा इकडे आणायचा. इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. इकडे आणल्यावर इमारती हव्या तशा पाडता-बांधता येतात, पण रस्ता तसूभरही हलवता येत नाही. गाव रस्त्यांपासून घडते, हे शहाणपण त्या खेळाने मला फुकटात दिले.

गावाचे नाव ठरले बोरूवाडी. पहिल्या दिवशी भाचीने घड्याळाचा मनोरा बांधला, समोर कारंजे काढले, आणि म्हणाली, ‘‘झालं की विद्यापीठ!’’

‘‘अगं, पण मुलं जेवणार कुठं?’’ मी विचारले.

तेव्हा तिला मी अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगितली. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते हिंगण्याच्या आश्रमात पायी जात. तिथे आधी झोपडी झाली. विधवा मुलींच्या राहण्याजेवणाची सोय झाली, शाळा झाली आणि मग १९१६ साली महिला विद्यापीठ. घड्याळाचा मनोरा काही आधी झाला नाही. भाचीने निमूटपणे कारंजे पाडले आणि त्या जागी भटारखाना घेतला.

वसतिगृह बांधताना माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल. प्रत्येक खोलीला वसतिगृहाचे म्हणून जे खास दार मिळते, तेच लावा. साधे दार लावले तर ती खोली कुणाच्याच नावावर होत नाही. जेवणघरात वाढण्याचा ओटा आणि शेगडी ठेवली की आचारी आपोआप हजर होतो. न्हाणीघरांत मात्र काटकसर नको! आम्ही सात खोल्यांना दोन केली, आणि सकाळी आठला दाराशी अशी रांग लागली की एका बिचारीची मधल्या वाटेवरच फजिती झाली. ती परीक्षेला गेली ती रडवेल्या तोंडाने. एकदा नापास झाले की ताकीद, पुन्हा झाले तर घरी पाठवणी असा तिथला शिरस्ता. संध्याकाळपर्यंत आम्ही आणखी दोन न्हाणीघरे बांधली.

एक गोष्ट मात्र मला खटकली. या विद्यापीठाच्या गावात घर मिळते ते फक्त विद्यार्थ्यांना. मग तो आचारी राहतो कुठे? प्राध्यापकांची बायकामुले कुठे? धोबी नाही, वाणी नाही, शिळोप्याच्या गप्पा मारायला एखादी आजी नाही. ज्या गावात म्हातारं माणूस राहत नाही, ते गाव कसलं? मी हे बोलून दाखवले, तर भाची म्हणाली, ‘‘मावशी, खेळ आहे गं तो.’’ असेल बाई.

आणि मग मुलींच्या वसतिगृहाशी आमची गाडी अडली.

भाचीने मुलांची वसतिगृहे वाचनालयाशेजारी मांडली आणि मुलींचे पार गावाबाहेर, रस्त्याच्या टोकाला. भोवती उंच भिंत. मी म्हटले, ‘‘इतकं लांब का गं?’’ ती सहज म्हणाली, ‘‘मुलींचं होस्टेल मागंच असतं ना, मावशी.’’ आता खरे सांगायचे तर या खेळात मुलामुलींची वसतिगृहे वेगळी नसतातच. रेक्टरबाई नाहीत, दाराला वेळ नाही. मुलगी रात्री दोनला बाहेर गेली तरी कुणी वही पुढे करत नाही. हे सगळे भाचीने आपल्या मनाने आणले होते. कुठून आणले, ते हळूहळू बाहेर आले. तिची थोरली बहीण ज्या कॉलेजात शिकली, तिथे वाचनालय रात्री अकरापर्यंत उघडे आणि मुलींच्या होस्टेलचे फाटक आठला बंद. मधला रस्ता वीस मिनिटांचा, निम्म्या वाटेवर दिवे नाहीत. म्हणजे साडेसातला पुस्तक मिटायचे आणि पळत सुटायचे. हे ऐकून ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, धाकटीला परगावी पाठवायचे नाही असे जवळजवळ ठरवलेच होते. पोरगी सुट्टीला माझ्याकडे आली होती ती त्यासाठीच. मला मात्र दहा दिवस पत्ता नाही!

मी आपला बायकी तोडगा काढला. ‘‘असं करू, होस्टेलातच तळमजल्यावर अभ्यासाची खोली काढू. चार कपाटं पुस्तकं ठेवू. बाहेर पडायचं कामच नको.’’

भाचीने माझ्याकडे पाहिले. ‘‘म्हणजे पुन्हा मुली आतच ना?’’

मला उत्तर सुचले नाही. आपण आयुष्यभर असेच तोडगे काढत आलो, नाही का? रस्ता वाईट आहे ना, मग रस्त्यावर जाऊ नका.

रस्ता हलत नव्हता, हे मघाशी सांगितलेच आहे. शेवटी चार दिवस खपून उभारलेली अख्खी बोरूवाडी आम्ही मोडली. पुन्हा सिमसिटीत जाऊन कोरी जमीन घेतली. या वेळी आधी एक चौक आखला. चौकाच्या एका बाजूला वाचनालय, समोर मुलींचे होस्टेल, कडेला खानावळ आणि चहाचे दुकान रात्रभर उघडे. चहावाला जागा असला की चौकही जागा असतो, ही सूचना माझी! प्रत्येक इमारतीच्या अंगणात दिव्यांचे खांब लावले. वर्गांच्या इमारती गेल्या मागे. मनोऱ्याला उरलेली जागा मिळाली.

गंमत पहा. खेळातली मुलगी त्या रस्त्याने धड चालतही नाही. ती फाटकाबाहेर पडते, क्षणभर पडदा बदलतो आणि ती वाचनालयात पोचलेली असते. मधला अंधार तिच्या वाट्याला येतच नाही. भाचीला हे माहीत होते. तरी तिने खांबाखांबातले अंतर तीनदा बदलले.

तुम्हांला हौस असेल तर जरूर करून पहा. नव्या, चौथ्या आवृत्तीलाही २०१९ साली विद्यापीठाची पुरवणी आली. ब्राइटचेस्टर नावाचे गाव आणि त्यात दोन विद्यापीठे. पण तिथे नवी जमीन घडवता येत नाही, असलेल्या जागेवरच बांधावे लागते. म्हणून मी जुन्याचीच शिफारस करीन. चहा टाकून बसू नका, एवढंच. माझी दोन पातेली करपली.

निघायच्या आदल्या दिवशी ताई भाचीला न्यायला आली. पोरीने माझ्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तिला परगावच्या होस्टेलात विचारायचे प्रश्न लिहून ठेवले होते. फाटक किती वाजता बंद होतं? वाचनालय किती वाजता? मधे किती मिनिटांचं चालणं, आणि दिवे आहेत का? किती मुलींमागे न्हाणीघर किती? रविवारी रात्री मेस चालू असते का?

ताईने पान दोनदा वाचले. मग माझ्या हातातले पेन घेऊन तिने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले : ‘रात्री कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं?’ आणि म्हणाली, ‘‘सोमवारी आपण दोघी जाऊन विचारून येऊ.’’